कोयनेच्या कातळाखाली जग काय शोधतंय?

कोयना खोऱ्यात जमीन हलली की पाच मिनिटांत फोन सुरू होतात. पाटण, कराडहून कोल्हापूरला, तिथून निपाणी, चिकोडी, बेळगावला. "तुमच्याकडं जाणवलं काय?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न धरणाचा. तोवर व्हॉट्सॲपवर कुठून तरी मेसेज येतो, की अमुक तारखेला मोठा भूकंप होणार, परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सांगितलंय. कृष्णाकाठच्या माणसाला हा विषय थट्टेवारी नेता येत नाही. कोयनेचं पाणी कृष्णेतूनच खाली येतं, आणि पुढं अथणी, रायबाग, चिकोडीच्या गावांवरूनच जातं.

परदेशातल्या शास्त्रज्ञांनी कोयनेचा अभ्यास केलाय हे मात्र खरं. धरणामुळं होणाऱ्या भूकंपाचा विषय जगात कुठंही निघाला, तरी कोयनेचं नाव घेतल्याशिवाय तो पुढं सरकत नाही. अमेरिका, जर्मनी, चीन, ग्रीस, इजिप्त अशा देशांची माहिती कोयनेला लागली आणि कोयनेची माहिती त्यांना. आम्ही कॉमर्सवाले, जमा आणि खर्च या दोन बाजू मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून या देवाणघेवाणीत जगाला काय मिळालं आणि खोऱ्यातल्या माणसाच्या पदरात काय पडलं, ते इथं मांडतो.

ती पहाट

11 डिसेंबर 1967. पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. थंडीचे दिवस, माणसं घरात गाढ झोपेत. 6.3 रिश्टरचा धक्का बसला आणि कोयनानगर वसाहतीतली बहुसंख्य घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत 177 ते 200 असा येतो. जखमी दोन हजारांच्या वर. वीजनिर्मिती थांबली, त्यामुळं मुंबईचे कारखानेही अडचणीत आले. धक्का बेळगाव, गोवा, मुंबई, पुणे आणि पार हैदराबादपर्यंत जाणवला. बेळगाव तर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत. त्या पहाटे अंगणात धावलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांना विचारलं तर अजून तो आवाज सांगतात.

हे अगदी अचानक झालं असंही नाही. 1961-62 पासून धरणात पाणी साठायला लागलं आणि लगोलग खोऱ्यात बारीक हादरे आणि जमिनीखालून गडगडाट सुरू झाला. पुण्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने 1963-64 च्या सुमारास तिथं भूकंपमापक बसवले. 13 सप्टेंबर 1967 ला साडेपाचच्या आसपासचा धक्का बसला. तीन महिन्यांनी मोठा आला.

तोवर शाळेपासून सरकारी नकाशापर्यंत सगळीकडं एकच समजूत होती, की दख्खन म्हणजे जुना, घट्ट कातळ आणि भूकंप हा हिमालयाकडचा विषय. धरणाचं गणितही त्याच हिशेबाने बेतलं होतं. भूकंपाचा आडवा झटका गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के धरला होता. धरणातल्याच यंत्रावर नोंद झाली ती जवळपास निम्म्याची, 0.49. म्हणजे अंदाजाच्या नऊ-दहा पट.

बॉम्बसाठी लावलेली यंत्रं

कोयनेचा भूकंप कसा झाला हे समजायला केवळ खोऱ्यातली यंत्रं पुरली नसती. जमिनीत कोणती बाजू कुठं सरकली हे ठरवायचं, तर जगाच्या चारी दिशांना पोचलेल्या लहरींची नोंद लागते. ती मिळाली, आणि त्यामागचं कारण मजेशीर आहे.

1960च्या दशकात अमेरिका आणि रशिया यांच्यात अणुचाचण्यांवरून संशयाचं वातावरण होतं. जमिनीखाली कुणी बॉम्ब फोडला तर कळावं म्हणून अमेरिकेने जगभर सव्वाशेच्या आसपास ठिकाणी एकाच नमुन्याचे भूकंपमापक बसवून दिले. भारतातही दिल्ली, शिलाँग, कोडाईकनाल आणि आपलं पुणं ही केंद्रं त्यात होती. सगळ्या केंद्रांच्या नोंदी एका जागी जमा व्हायच्या आणि कोणत्याही देशाच्या शास्त्रज्ञाला त्यांच्या प्रती मागवता यायच्या. बॉम्ब पकडण्यासाठी विणलेल्या या जाळ्यानं भूकंपशास्त्राचा चेहरामोहरा बदलला. कोयनेची हालचाल कळली ती याच नोंदींवरून. भेगेच्या दोन बाजू वर-खाली नव्हे, तर प्रामुख्यानं एकमेकींना घासत आडव्या सरकल्या होत्या.

भारत सरकारनं देशातली तज्ज्ञ समिती नेमलीच, पण बाहेरच्या तज्ज्ञांचंही मत घेतलं. कारण कोयना एकटी नव्हती. चीनमध्ये शिनफेंगच्यांग धरणाजवळ 1962 ला, आफ्रिकेत झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवर करिबाला 1963 ला, ग्रीसमध्ये क्रेमास्ताला 1966 ला, असे सहाच्या वरचे भूकंप झाले होते. सहा वर्षांत चार खंडांतली नव्हे, पण तीन खंडांतली चार मोठी धरणं हादरली. प्रत्येक देशाला आपापला प्रकार योगायोग वाटू शकला असता. चारही कागद एका टेबलावर ठेवल्यावरच तो योगायोग नाही हे दिसलं. 1970 च्या सुमारास युनेस्कोने मोठे जलाशय आणि भूकंप या विषयावर आंतरराष्ट्रीय कार्यगट बसवला.

इथं हैदराबादचं नाव येतं. तिथल्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांनी या सगळ्या ठिकाणच्या भूकंपांची तुलना केली. मुख्य धक्क्याआधी किती छोटे धक्के आले, नंतरचे किती काळ चालले, मोठ्या-छोट्यांचं प्रमाण काय, अशा गोष्टी तपासल्या. धरणाशी जोडलेल्या भूकंपांची चाल नेहमीच्या भूकंपांपेक्षा वेगळी असते हे त्यांनी दाखवलं. गुप्ता आणि रस्तोगी यांचं 'डॅम्स अँड अर्थक्वेक्स' हे पुस्तक 1976 ला आलं. हेच गुप्ता पुढं 2011 ते 2015 या काळात भूभौतिकी शास्त्रांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते.

पाणी भूकंप घडवतं, की निमित्त होतं?

चहाच्या टपरीवर यावर दोन पक्ष असतात. एक म्हणतो पाण्याच्या वजनानं जमीन खचते. दुसरा म्हणतो धरणाचा काही संबंध नाही, देवाची करणी. शास्त्राचं उत्तर या दोन्हींच्या मधलं आहे.

भारताचा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडं सरकतोय आणि हिमालयाला ढकलतोय. त्या रेट्याचा ताण आपल्या दख्खनच्या पोटातही साठतो. काही ठिकाणी जुन्या भेगा आहेत आणि त्या सुटायच्या बेतात असतात. अशा जागी धरण झालं, की दोन गोष्टी होतात. पाण्याचं वजन पडतं हे एक, पण ते तुलनेनं किरकोळ. महत्त्वाचं दुसरं. पाणी भेगांतून झिरपत खोल जातं आणि तिथल्या पाण्याचा दाब वाढतो. एकमेकांवर घट्ट बसलेले दोन दगड त्या दाबाने किंचित सैल होतात आणि घसरतात. ताण निसर्गाचा, सैल करणारं पाणी. म्हणूनच सगळ्या धरणांपाशी भूकंप होत नाहीत. जिथं भेग आधीच काठावर आलेली असते तिथंच होतात.

हा दाबाचा मुद्दा पक्का झाला तो अमेरिकेत, आणि तोही धरणामुळं नव्हे. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ लष्कराच्या एका कारखान्याचं घाण पाणी 1962 पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबून सोडलं जायचं. शहराला हादरे बसू लागले. पुढं त्याच राज्यात रेंजली इथल्या तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम प्रयोग केला. पाणी सोडलं की हादरे वाढायचे, उपसलं की कमी व्हायचे. कोयनेत असा प्रयोग करायची गरज नव्हती, तो दरवर्षी पावसाळाच करतो. जून ते ऑगस्ट शिवसागर भरतो, आणि साधारण सप्टेंबरपासून पुढं हादऱ्यांचं प्रमाण वाढतं. 1967 चा डिसेंबर, 1973 चा ऑक्टोबर, 1980 चा सप्टेंबर बघा. पण हा नियम लोखंडी नाही. 2000 साली मार्चमध्येही पाचच्या वरचा धक्का बसला होता आणि सप्टेंबरमध्येही. पाणी किती वेगानं चढलं, किती उंचीवर गेलं आणि किती दिवस तिथं राहिलं, या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात.

1985 पासून दक्षिणेला वारणा धरणात पाणी साठू लागलं आणि पुढं 1993-94 च्या सुमारास हादऱ्यांचा जोर तिकडं सरकला. आज कोयना-वारणा मिळून साधारण 30 गुणिले 20 किलोमीटरचा पट्टा आहे आणि सगळं त्यातच घडतं. 1967 पासून पाचच्या वरचे वीसहून अधिक, चारच्या वरचे दोनशेच्या घरात, आणि बारीक तर हजारो.

धरणाचं दुखणं, जगाचा धडा

1967 ला कोयना धरण फुटलं नाही हे सर्वांना ठाऊक आहे. त्याला तडे गेले होते हे पुष्कळांना ठाऊक नाही. 103 मीटर उंचीच्या भिंतीत, मागचा उतार जिथं एकदम बदलतो त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या. पाणी रोखून धरण्याचं काम भिंतीनं केलं, पण इंजिनिअर लोकांची झोप उडाली. जुन्या पद्धतीच्या गणितानुसार तिथं तडा जायलाच नको होता.

अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक असलेले मूळचे भारतीय अनिल चोप्रा यांनी 1970 च्या दशकात या भिंतीचं नव्या पद्धतीनं गणित मांडलं. भूकंपात धरण नुसतं ढकललं जात नाही, ते झुलतं, आणि झुलताना वरच्या भागावर ताण येतो, हे त्यातून स्पष्ट झालं. धरणातच झालेली धक्क्याची नोंद आणि प्रत्यक्ष पडलेले तडे, या दोन्ही गोष्टी एकाच धरणाच्या बाबतीत हाताशी असणं दुर्मिळ. त्यामुळं आजही कुठल्याही देशात काँक्रीट धरणाचं भूकंपगणित करणारं नवं सॉफ्टवेअर आलं, की पहिली परीक्षा कोयनेवर. संगणकातल्या कोयनेला तडा त्याच जागी गेला तर सॉफ्टवेअर पास.

खर्चाच्या बाजूला कोयनानगरची माणसं आणि घरं, जमेच्या बाजूला जगभरातली सुरक्षित धरणं. हा हिशेब कोयनानगरच्या माणसाला कुणी कधी समजावून सांगितल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

तीन किलोमीटरची बोअर

आपल्या भागात शेतात पाचशे-सहाशे फूट बोअर मारली तरी गावभर चर्चा होते. कोयनेजवळ गोठणे परिसरात 2016-17 मध्ये जी बोअर मारली ती 3 किलोमीटरची, म्हणजे 9,800 फुटांच्या वर. पाण्यासाठी नव्हे, भूकंप जिथं जन्मतो त्याच्या जवळ जाण्यासाठी.

इतकी वर्षं सगळा अभ्यास वरून चालला होता. डॉक्टरनं छातीला नळी न लावता लांबूनच खोकला ऐकावा, तसा. आत शिरून बघण्यासाठी कोयनेसारखी जागा दुसरी नाही. भूकंपाचा पट्टा छोटा, हादरे 2 ते 9 किलोमीटर इतक्या कमी खोलीवर, आजूबाजूला दुसरा मोठा उगम नाही, आणि प्रकार साठ वर्षं अखंड चालू. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने प्रकल्प हाती घेतला आणि तो आंतरराष्ट्रीय खंडीय वैज्ञानिक खोदाई कार्यक्रमाशी जोडला. 1996 ला सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा कारभार जर्मनीतल्या पॉट्सडॅम इथून चालतो. अनेक देश वर्गणी भरतात आणि कुठं भोक पाडायचं, कसं पाडायचं, यावर एकत्र बसून ठरवतात. भारत त्याचा सदस्य आहे. 2011 च्या मार्चमध्ये हैदराबाद आणि कराडला देशोदेशींच्या तज्ज्ञांची बैठक झाली, 2014 ला पुन्हा कोयनेत.

बाहेरच्यांचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. अनुभवाचा. जर्मनीने 1990 ते 1994 मध्ये बव्हेरियात 9,101 मीटर खोल भोक पाडलं होतं. अमेरिकेने कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास या जगप्रसिद्ध भेगेत थेट आरपार खोदून तिथले दगड वर आणले. इतक्या खोलीवर छिद्र वाकडं होतं, कडा ढासळतात, उष्णतेनं यंत्रं बंद पडतात. एकदा अडकलेलं अवजार काढण्यात महिने जाऊ शकतात आणि पैसा पाण्यासारखा. दुसऱ्यानं खाल्लेली ठेच आपल्याला फुकटात कळली तर ती घ्यावी, यात कमीपणा कसला.

मोठ्या बोअरआधी परिसरात दीड किलोमीटरपर्यंतच्या नऊ बोअर मारल्या. त्यातून जो दगडाचा दांडा सलग निघाला, तो सगळा मिळून काही किलोमीटर लांबीचा आहे आणि कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत जपून ठेवलाय. ही प्रयोगशाळा याच कामासाठी उभी राहिली. रासाटीला काळ्या कातळाची जाडी सुमारे 930 मीटर भरली, गोठणेला साडेबाराशेच्या आसपास. त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा अतिप्राचीन पाया. मध्ये वाळू-मातीचा थर असेल असा काहींचा कयास होता, तो खोटा ठरला. खोल दगडांत सूक्ष्म जीवही सापडले. तो वेगळाच विषय, त्यावर आयआयटी खरगपूरचे लोक काम करतायत.

बोअरमध्ये पाण्याचा जोर लावून दगड किती ताणाला फुटतो हे मोजलं. अनेक बोअरमध्ये भूकंपमापक खाली सोडले. वर रस्त्यावरची गाडी, वारा, नदीचा प्रवाह या सगळ्याचा गोंगाट यंत्राला ऐकू येतो. खोलवर शांतता असते, त्यामुळं अगदी बारीक हादराही टिपता येतो आणि त्याची जागा जास्त नेमकी सांगता येते. ही मोठी बोअर फक्त चाचणीची. यापुढची आणखी खोल, भूकंप प्रत्यक्ष उगम पावतात त्या थरापर्यंत न्यायची, असा मूळ बेत आहे.

आपल्या पदरात काय?

भूकंपाची तारीख नाही मिळाली. जगात कुणालाही ती सांगता येत नाही. कोयनेत हैदराबादच्या संस्थेनं 2005 नंतर छोट्या हादऱ्यांच्या लयीवरून चारच्या आसपासच्या काही धक्क्यांचा अंदाज बांधून पाहिला आणि काही जमलेही. ते मर्यादित पट्ट्यातलं, मध्यम धक्क्यांपुरतं संशोधन आहे. त्यावरून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखांना कवडीचा आधार मिळत नाही.

मिळालं ते असं. धरणाची भिंत भूकंपानंतर मागच्या बाजूनं काँक्रीट घालून जाड केली, सांडव्याचा भाग 2000 नंतरच्या दशकात मजबूत केला. देशाचा भूकंपनकाशा बदलला. घट्ट समजल्या जाणाऱ्या दख्खनमध्ये कोयना धोक्याच्या चौथ्या श्रेणीत गेली. तरीही 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत जे घडलं ते घडलंच. धक्का कोयनेएवढाच आणि माणसं दहा हजारांच्या घरात गेली, कारण दगडमातीच्या जाड भिंती आणि जड धाब्याची छपरं. तिथल्या पुनर्बांधणीला जागतिक बँकेचा पैसा आला. भूकंप कमी मारतो, घर जास्त मारतं, हे किल्लारीला फार महागात कळलं.

आणखी एक गोष्ट सीमाभागाच्या कामाची आहे. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 30 मीटर किंवा त्याहून उंच धरणाच्या मालकानं भूकंप नोंद केंद्र उभारावं अशी तरतूद आहे. आपल्याकडं हिडकल, दूधगंगा, तिलारी ही धरणं त्या उंचीच्या वरची. यातली दूधगंगा महाराष्ट्र-कर्नाटकची मिळून, तिलारी महाराष्ट्र-गोव्याची मिळून. या धरणांना धोका आहे असा याचा अर्थ नाही. पण नोंद केंद्र आहे का, चालू आहे का आणि त्याची माहिती दोन्ही राज्यांच्या लोकांना कुठं बघता येईल, हे विचारायचा हक्क मात्र आहे. जर्मनी आणि भारत एका भोकाची माहिती वाटून घेतात. दोन शेजारच्या राज्यांनी एका धरणाची माहिती वाटून घ्यायला काय हरकत?

हादरा जाणवला तर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर वेळ, जागा, खोली आणि तीव्रता थोड्या वेळात दिसते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचंही एक पान आहे, 'तुम्हाला जाणवलं का?' या अर्थाचं. जगात कुठूनही भरता येतं. तुम्ही कुठं होता, कितव्या मजल्यावर, भांडी पडली का, भिंतीला चीर गेली का, झोपेतून जाग आली का, इतकंच विचारतात. 1967 ला ही माहिती गोळा करायला माणसांना गावोगाव हिंडावं लागलं होतं. आता दोन मिनिटांचं काम आहे. फॉर्म मराठीत नाही, तेवढं घरातल्या शिकलेल्या पोरांकडून भरून घ्यावं.